मेल्याची खोटी बातमी

माझा धाकटा भाऊ मरणावर काम करतो. असं सांगितलं की आमच्या सोनईकडची माणसं विचारतात, "म्हंजी सरकारी दवाखान्यात हाय का?" मी म्हणते, नाही, कलाकार आहे, मुंबईत असतो. मग ती "आसं व्हय" म्हणतात आणि विषय उसाच्या तोडीवर नेतात. पूर्वी मला त्यांच्या अडाणीपणाचा राग यायचा. आता वाटतं, तेच शहाणे.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवते. त्यामुळे मला कलेतलं काही कळत नाही, असं कुणी म्हणू नये. भावाच्या हातात पहिला ब्रश मीच दिला. त्याचं पहिलं गाजलेलं काम मला मनापासून आवडलं होतं. दुष्काळात चारा छावणीत मेलेल्या जनावरांची हाडं त्याने गोळा केली, घासून पांढरी केली आणि एका गॅलरीच्या छताला टांगली. खाली जमिनीवर नुसतं एक दावं ठेवलं. त्या दाव्यापाशी मला हुंदका आला होता. मरणावर चित्र काढू नये, असं मी कधीच म्हणाले नाही. आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून वर पाटी पालथी घालतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर त्या पिठात कुणाचं पाऊल उमटलंय ते वाकून बघतं. चिमणीचं, मुंगीचं, काहीही; ज्याचं पाऊल, त्या जन्माला माणूस गेला म्हणायचं. मरण बघायची हौस आम्हालाही आहे. पण ते बघताना घरातलं कुणीतरी गेलेलं असतं.

भावाचं हाडांवर भागेना. पुढच्या प्रदर्शनात त्याने तिरडीला लग्नमंडपातल्या लाइटच्या माळा लावल्या, स्वतः तिच्यावर झोपला आणि आलेल्या पाहुण्यांना खांदा द्यायला लावला. पेपरात छापून आलं की हा चित्रकार मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवतो. मी ते कात्रण वाचलं तेव्हा आईच्या पाठीला झालेल्या जखमेवर पावडर मारत होते. मनात म्हटलं, बाबा रे, डोळ्याला डोळा नंतर भिडव, आधी या कुशीवरून त्या कुशीवर करायला एक हात लाव.

पण आईला त्याचं भारी कौतुक. शेंडेफळ ना! वडील लवकर गेले, माझं लग्न मोडून मी घरी आले, आणि हा एकटा शिकून मोठ्या गावाला गेला. तो यायचा तेव्हा आईला दोन माणसांचं बळ यायचं. एका दिवाळीला आला आणि म्हणाला, "आई, तुझा एक फोटो काढायचाय. मेलेल्या माणसासारखी झोपशील का?"

मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत त्याने आईला उचलून ओसरीवर पांढऱ्या चादरीवर आडवं केलेलं होतं. भावाने तिच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले, ओठांवर तुळशीचं पान ठेवलं. तिचं पोट वरखाली होत होतं. तो म्हणाला, "आई, जरा श्वास धर." आणि ती बाई लहान मुलीने पाण्यात बुडी मारावी तशी गाल फुगवून श्वास धरून पडली. मध्येच तिला हसू आलं आणि कापूस उडाला. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी ओरडले. म्हटलं, "आज फोटो, उद्या आणखी काय? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो!"

आई पडल्या पडल्या म्हणाली, "म्हातारी आजून जिती हाय गं बाई." मग भावाकडे मान वळवून तिने अगदी सहज सांगितलं, "ही चादर-बिदर आज ठीक हाय. खरी मरंल तवा माज्या भावाचं लुगडं टाका अंगावर. मला दुसरं काई नगं."

तिने आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट मला आठवते. आमच्यात बाई कितीही वर्षं सासरी राबली तरी शेवटी माहेरच्या लुगड्यात जाते. माहेरच्या माणसाने ते स्वतःच्या हाताने अंगावर घालायचं असतं. त्यासाठी मयत खोळंबून ठेवतात, आणि कुणी कुरकुर करत नाही. आईचं माहेर खर्ड्याचं. तिकडे तिचा पाठचा भाऊ, आमचा मामा. पाऊस पडो न पडो, दर भाऊबीजेला मामा जिल्ह्याच्या त्या टोकाहून एसटी बदलत बदलत यायचा आणि पिशवीतून लुगडं काढून बहिणीच्या मांडीवर ठेवायचा. घरात दाणा नसेल त्या वर्षीसुद्धा. त्यामुळे त्या लुगड्याबद्दल आईच्या मनात किंतू नव्हता आणि माझ्याही नव्हता.

आता कावळ्याचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भाऊ शाळकरी असताना विहिरीवरून येताना एक कावळा त्याच्या डोक्यावर बसला. नुसता पंख फडफडवून उडाला, पण आईने ते बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. कावळा डोक्यावर बसला की माणसाचं मरण जवळ आलं असं आमच्याकडे मानतात. त्याला उतारा एकच. तो माणूस मेला अशी खोटी बातमी लांबच्या आपल्या माणसाला कळवायची. तो खरोखर रडला की मरणाचा वाटा त्याला मिळाला, आणि ज्याच्यावर कावळा बसला त्याचं आयुष्य वाढलं. तेव्हा खर्ड्यात एका किराणा दुकानात फोन होता. वडिलांनी त्यावर निरोप दिला. मामा दुकानातच खाली बसला म्हणे, भर बाजारात हंबरडा फोडून रडला. संध्याकाळी दुसरा फोन गेला, पोरगं बरं आहे. दुसऱ्या दिवशी मामा एसटीने आला, भाच्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, त्याला मांडीवर घेतलं आणि दिवसभर उतरवलं नाही. रागावला नाही. कारण ते रडणं उपयोगी पडलं होतं.

ही गोष्ट आमच्या घरात लाडाने सांगितली जायची. भावाने तिचं काय करावं?

त्या फोटोनंतरच्या वर्षी एका सकाळी मी वर्गात असताना शिपाई आला आणि म्हणाला, बाई, घरी जावा, चौकात तुमच्या भावाचा बोर्ड लागलाय. चौकात माझ्या भावाचा भला मोठा फोटो, भोवती झेंडूच्या माळा, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली दशक्रियेची जागा आणि वेळ. मी घरापर्यंत कशी आले ते मला माहीत नाही. दारात आले तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघत होता तो माझा आहे हेही मला कळत नव्हतं. आणि भाऊ ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. गळ्यात हेडफोन, हातात माइक, माझ्या दिशेने धरलेला.

सगळ्या नातेवाइकांना त्याने मित्राकरवी फोन करवले होते. व्हॉट्सॲपवर बोर्डाचा फोटो गेला होता. कुणी खात्री करायला शेजारी फोन केला तर तिथेही त्याने सांगून ठेवलं होतं. आईला मात्र आदल्या दिवशी, मी शाळेत असताना, फोनवरून विश्वासात घेतलं होतं, तिच्याच भाषेत. "आई, खोटी बातमी दिली की आयुष्य वाढतं ना?" ती म्हणाली, वाढतं की. लेकाचं आयुष्य वाढणार म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल?

दुपारनंतर मामाची जीप आली. जीप थांबायच्या आतच मामाचा हंबरडा ऐकू आला. म्हातारा माणूस, धोतर सावरत, ठेचकाळत, "माज्या वाघा" म्हणून ओरडत आत आला आणि समोर वाघ खुर्चीवर माइक धरून बसलेला. आईने पदराने तोंड झाकून घेतलं. आपल्या भावाला हे असं आत येताना बघावं लागेल, एवढा विचार तिने केला नव्हता.

मामा ओसरीच्या कडेला टेकला. मी पाणी दिलं, ते प्यायला. मग म्हणाला, "कावळा बसला व्हता का रं डोक्याव?"

"नाही मामा," भाऊ म्हणाला, "हे माझं काम आहे."

"कावळा न्हाई?"

"नाही."

"मंग कशापायी रडवलं मला?"

भावाने समजावून सांगायला सुरुवात केली. माणूस आपल्यासाठी झालेला शोक कधीच ऐकू शकत नाही, तो जिवंतपणी ऐकता आला पाहिजे, वगैरे. बोलतो छान तो. मामाने मध्येच हात वर केला, टोपी घातली आणि जेवायला न थांबता जीपमध्ये जाऊन बसला. जाताना आईला म्हणाला, "लेकराचं आयुष्य वाढलं, आक्का. जाऊ दे." म्हणजे तेव्हाही तो माणूस गोडच बोलला. आम्ही तेवढ्यावर निभावलं असं समजलो.

ते काम मी मुंबईला जाऊन बघितलं. बघितलं म्हणजे ऐकलं. एक काळोखी खोली, भिंतीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीला एक हेडफोन. हातात काचेचे ग्लास घेतलेली माणसं एकेक हेडफोन कानाला लावून डोळे मिटून उभी. मी एक उचलला तर त्यात मामा होता. दुसरा उचलला तर त्यात मी. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने माझ्या हातातून तो अलगद घेतला, ऐकला आणि म्हणाली, "कसलं रॉ आहे ना!" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मीच ती, असं सांगितलं असतं तर तिने माझ्याबरोबर सेल्फी काढला असता. भाऊ लांबून हात करत होता. इतकी मोठी माणसं आली होती, आणि तो इतका खूश होता, की मला त्याची शरम वाटली आणि त्याला तसं सांगायची हिंमत झाली नाही.

त्या खोलीचा व्हिडिओ मोबाईलवरून फिरत फिरत खर्ड्याला पोचला. बाजाराच्या दिवशी मामा दिसला की टवाळ पोरं मागून "माज्या वाघा" असा हंबरडा काढायची आणि हसायची. जन्मभर मान खाली न घातलेला माणूस, बाजारात जायचा बंद झाला. त्या भाऊबीजेला तो आला नाही. लुगडं आलं नाही. आईने दारातली खाट दिवसभर आत घेऊ दिली नाही आणि संध्याकाळी मला म्हणाली, "गुडघं दुखत आसत्याल त्याचं." मी व्हय म्हटलं.

त्या हिवाळ्यात आई गेली. कारखाना सुरू होता, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग. भाऊ आधीच येऊन राहिला होता. या खेपेला कॅमेरा आणला नाही असं म्हणाला, आणि खरंच मला कुठे दिसला नाही. सकाळी मी तिला चमच्याने चहा पाजत होते, एक चमचा आत गेला आणि पुढचा ओठांवरून खाली आला. एवढंच झालं. हंबरडा नाही, काही नाही. इतकं साधं मरण कुठल्याच गॅलरीत लावता येणार नाही.

मी खर्ड्याला फोन केला. मामाच्या मुलाने उचलला. मी सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, रेकॉर्डिंग चालू हाय का?"

मी म्हटलं, "अरे, आई गेली."

"मागं तो गेल्ता, आता आत्या गेली. फुडल्या साली कोन?"

मी आईचा फोटो काढून पाठवला. नाकात कापूस, ओठावर तुळशीपत्र. लगेच फोन आला. "ह्यो फोटो आमी बघितलाय, आक्का. इंटरनेटवर हाय." मी शेजारच्या काकूंच्या हातात फोन दिला. त्या रडत रडत बोलल्या. तर तो म्हणाला, मागल्या खेपेलाबी शेजारचंच मानूस बोललं हुतं. मग मीच ओक्साबोक्शी रडायला लागले, फोन कानाला तसाच. तेवढ्यात मामाने फोन घेतला असावा. त्याचा आवाज आला, अगदी शांत.

"पोरी, मशिनीत तुजं रडनं आमी ऐकलंय. आसंच हुतं."

भावाने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "मामा, मी बोलतोय, खरंच गेली, शपथ घेतो..." फोन बंद झालेला होता. नंतर कितीदा लावला, उचलला नाही.

बोर्ड, फोन, फोटो, शेजाऱ्याची साक्ष, सख्ख्या लेकीचं रडणं. माणूस मेला हे दुसऱ्या माणसाला पटवायला यापलीकडे आमच्याजवळ असतं तरी काय? माझ्या भावाने एकेक करून सगळं वापरून टाकलं होतं. आई खाली पडली होती आणि ती मेली आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. त्या वेळी समोर उभ्या असलेल्या भावाचा गळा धरावा असं मला वाटलं. लिहायला लाज वाटत नाही.

दुपार कलली. गावातली जाणती माणसं आत-बाहेर करू लागली. दिवस मावळायच्या आत उरकायला हवं, किती वेळ ठेवणार, माहेरचं कुणी येतंय का? कुणीतरी दुकानातून लुगडं आणलं. ते कुणाच्या हातून घालायचं यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी ते घडी न मोडता बाजूला ठेवलं.

तेव्हा शेजारच्या काकूंना आठवलं की कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्यात आणि ती माणसं जामखेडकडची, म्हणजे आईच्या माहेरच्या बाजूची आहेत. त्या स्वतः गेल्या आणि एका बाईला घेऊन आल्या. माझ्याच वयाची असेल. पाचट लागून हात चिरलेले, उसाच्या काळ्या राखेने भरलेले. तिचं माहेर खर्ड्याशेजारच्या वाडीतलं. तिने आईला कधी पाहिलं नव्हतं. दाराशी हातपाय धुतले, आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि सोबत आणलेल्या पिशवीतून एक नवंकोरं लुगडं काढलं.

"माज्या भावानं दिवाळीला घेतलंय," ती म्हणाली. "आजून नेसले न्हाई. भावानं दिल्यालंच हाय, मंग झालं की."

तिने ते आईच्या अंगावर घातलं आणि मग मोठ्याने रडली, सख्खी असल्यासारखी. आम्ही सगळ्या बायका रडलो. माझी आई एका अनोळखी बाईच्या लुगड्यात गेली. मी त्या बाईची जन्माची ऋणी आहे, आणि तरीही सांगते, आईने मागितलेलं ते हे नव्हतं.

त्या बाईने जाता जाता आपल्या वाडीला फोन केला, अशी अशी खर्ड्याची लेक गेली म्हणून. वाडीतलं कुणीतरी मामाच्या घरी गेलं. त्या फोनशी आमच्या घराचा काही संबंध नव्हता, म्हणून मामाला तो पटला.

दिवेलागणीला पुरुष मंडळी स्मशानातून परतली होती, अंगणात कडूलिंबाचा पाला चावून चूळ भरत होती. तेव्हा जीप आली. मामा उतरला. काखेत पिशवी. या वेळी जीपमधून कसलाच आवाज आला नाही. तो अंगणाच्या मध्यापर्यंत आला. आत आईच्या जागी लावलेला दिवा तिथून दिसत होता. मी पुढे होऊन त्याच्या पाया पडले आणि म्हटलं, "मामा, उशीर झाला."

"लुगडं कुनी घातलं?"

मी सांगितलं. त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "त्या बाईला नेऊन दे." मग त्याची नजर भावावर गेली. भाऊ ओल्या धोतरावर शर्ट अडकवून भिंतीला टेकून उभा होता.

"मोबाईल भाईर काड," मामा म्हणाला.

भावाने मोबाईल काढून जमिनीवर ठेवला.

"दुसरा?"

"नाही मामा."

"शर्टाला काय लावलंय का?"

भावाने एकेक बटण काढलं, शर्ट उतरवला, उलटा करून झटकला आणि थंडीत उघडा उभा राहिला. मामाने त्याला पुढून पाहिलं, पाठमोरं व्हायला लावलं, पुन्हा पाहिलं. मग तो खाली बसला, खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याचा बोळा करून तोंडात कोंबला आणि रडला. त्याचं सगळं शरीर हलत होतं, मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि आवाज मात्र कणभर बाहेर येत नव्हता. एकुलती एक बहीण गेली होती, आणि त्या माणसाने तिच्यासाठी तोंडातून ब्र निघू दिला नाही. त्याला आवाज देण्याची भीती बसली होती. माझ्या भावाने बसवली होती.

ते बघून भाऊ फुटला. भिंतीवरून घसरत खाली बसला आणि मोठमोठ्याने रडायला लागला, आई आई करत. रीत अशी की माणूस असं रडायला लागलं की कुणीतरी उठतं, पाठीवर हात ठेवतं, पाणी पाजतं. वैऱ्यालासुद्धा. त्या दिवशी कुणी उठलं नाही. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. शेजारच्या काकूंनी आधी वर पत्र्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, तिथे काही लावलंय का ते. मामाने तर मान वरसुद्धा केली नाही.

मी उठले. कितीही झालं तरी पाठचा भाऊ. अर्ध्या अंगणात गेले आणि थांबले, त्याच्या रडण्याकडे कान देऊन. तो खरा रडतोय का, हे मला ओळखता येईना. मी तशीच मागे फिरले आणि बायकांत येऊन बसले.